पाठवणी

आमच्या विद्यापीठात विद्यार्थी नसतात.
नवा माणूस गोवर्धनच्या बाजूने गेटातून आत येतो,
दोन्हीकडे पाहतो, विचारतो, आज सुट्टी का?
सुट्टी नाही. मुक्त विद्यापीठ आहे.
मोर आहेत, वॉचमन आहे, धरणाकडून येणारा वारा आहे,
कॅन्टीनला दुसऱ्यांदा उकळलेला चहा,
आणि लाखांनी मुलं, जी इथं कधी आलेलीच नाहीत.
मुलं म्हणायची आपली सवय.
त्यांतली कित्येक माझ्या आईच्या वयाची.

मी वितरण कक्षात. आम्ही त्याला पाठवणी म्हणायचो,
आणि बापू खैरनार सुतळीची शेवटची गाठ मारून
टेम्पोवाल्याला रोज बजावायचा,
सांभाळून ने रे, माहेरी परत नको यायला.

सुरुवातीला पत्र्याची शेड.
मे महिन्यात डिंक आपोआप पातळ व्हायचा,
श्रावणात लोकप्रशासन फुगायचं,
बालसंगोपनाला बुरशी धरायची.
सगळ्यांत जास्त जायचं पूर्वतयारीचं पुस्तक,
ज्यांची शाळा मधेच कुठेतरी सुटली त्यांचं.
पत्ते लिहून लिहून मला महाराष्ट्र पाठ झाला:
द्वारा वाहतूक नियंत्रक, मनमाड आगार.
द्वारा बराक क्रमांक पाच, नाशिकरोड.
द्वारा गजानन किराणा,
ते बंद असल्यास समोरचं सलून.

परत आलेल्या गठ्ठ्यांचा रॅक खिडकीखाली.
पत्ता अपुरा. स्थलांतर.
एकदा 'मयत' आलं,
त्या दिवशी बापू जेवणाचा डबा न उघडताच घरी गेला.

इंदूमती सोनू गावित, मुक्काम बाऱ्हे, तालुका सुरगाणा.
तीनदा पाठवला, तीनदा आला.
घर बंद. घर बंद.
तिसऱ्यांदा, घेण्यास नकार.
नकाराला सही नसते,
कुणी दिला ते कळायला मार्ग नाही.
नियमाने तो गठ्ठा रद्दीत जायला हवा होता.
मी घातला नाही. मोठेपणा काही नाही त्यात,
रद्दीवालाच त्या आठवड्यात फिरकला नव्हता.

आणि गुरुवारी ती आली. दोन बस बदलून,
एक पोर कडेवर, एक पदराला.
खिडकीशी म्हणाली, माझी पुस्तकं इथं राहिलीत.
जणू छत्री विसरून गेली होती.
मी पावती मागितली.
तिने दिली ती घामाने धुऊन निघालेली,
आकडे गेलेले, शिक्का तेवढा जागेवर.

गठ्ठा तिने उलटा केला, सुलटा केला,
तिसऱ्या शेऱ्यावर बोट ठेवून
एकेक अक्षर ओठांत जुळवलं.
मी तर नाय दिला, म्हणाली.
पुढे काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

मग गुलमोहराखाली बसून
बापूची गाठ तिने दातांनी सोडवली.
(ती गाठ कुणाला सुटत नाही असा बापूचा दावा होता.)
परतीची बस पाचला.
ती चार तास वाचत राहिली,
मोठं पोर मोरामागे, धाकटं मांडीवर झोपलेलं,
त्याच्या पाठीवर उघडं पुस्तक.
आत आम्ही चिकटपट्टी हळू ओढत होतो,
का ते कुणी कुणाला सांगितलं नाही.
साहेब व्हरांड्यात आले, बघून परत आत गेले.

आता सगळं मोबाइलवर जातं.
शेडमध्ये दीक्षान्त समारंभाच्या खुर्च्या रचलेल्या,
एकात एक, छतापर्यंत.
निवृत्त होईपर्यंत मी निकालाच्या याद्या चाळत आलो.
गावित पुष्कळ. इंदूमती तीन.
सोनूची एकही नाही.
नापास झाली असेल. नाव बदललं असेल.
परीक्षेच्या दिवशी पोर तापलं असेल.
किंवा मीच एखादी यादी चुकवली.

वेष्टनाचा कागद, तीन शेरे असलेला,
ती झाडाखाली घडी करून ठेवून गेली होती,
वर दगड.
सुतळी मात्र घेऊन गेली.